थर्माकोलमधला नऊ मिलिमीटरचा खड्डा: डोक्याला बसणाऱ्या आघाताचं गणिती मॉडेल स्वतः कसं मांडायचं

माझ्या टेबलावर एक हेल्मेट आहे, करवतीने मधोमध कापलेलं. तिसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी घाटातल्या वळणावर बारीक खडीवरून घसरला आणि उजव्या कानाच्या वर डोकं रस्त्यावर आपटलं. पोरगा धडधाकट आहे. हेल्मेटच्या कवचावर हाताच्या पंजाएवढा ओरखडा, बाकी काही नाही. घरच्यांना वाटलं की हेल्मेट अजून चांगलं आहे, वापरता येईल. आम्ही ते कापलं. आतला थर्माकोल बाजूला ३१ मिमी जाड होता आणि ओरखड्याखाली २२. व्हर्नियर कॅलिपर तीनदा लावला, तीनदा तेच आलं.

हे नऊ मिलिमीटर कुठे गेले आणि त्यांच्या बदल्यात डोक्याला काय मिळालं, हा प्रश्न मी दरवर्षी वर्गात मांडतो. उत्तर काढायला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. बारावीचं भौतिकशास्त्र, एक स्प्रेडशीट आणि दोन संध्याकाळी पुरतात. अभियांत्रिकीचे विद्यार्थी, विज्ञानाचे शिक्षक आणि प्रकल्पासाठी विषय शोधणारे यांच्यासाठी ही सगळी वाट मी पायरी-पायरीने लिहितोय. आकडेमोड पूर्ण दिली आहे. माझ्यावर विश्वास न ठेवता ती स्वतः करून बघा.

आधी प्रश्न नेमका करा

“अपघातात मेंदूला किती इजा होते?” हा मॉडेलचा प्रश्न होऊ शकत नाही. “साडेचार-पाच किलोचं डोकं दीड मीटरवरून सपाट, कडक रस्त्यावर आपटलं, तर त्याचं त्वरण किती, किती वेळ टिकतं, आणि मध्ये थर्माकोल असेल तर त्यात काय फरक पडतो?” हा होऊ शकतो.

दीड मीटर का? दुचाकीवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण तेवढ्या उंचीवर असतं. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. गाडी ४० च्या वेगात असली तरी घसरून पडताना डोकं रस्त्यात *लंब दिशेने* ४० च्या वेगाने घुसत नाही. लंब दिशेचा वेग मुख्यतः पडण्याच्या उंचीतून येतो. गाडीचा वेग रस्त्याला समांतर असतो. तो डोक्याला घासतो, फिरवतो, आणि पुढे झाड, दगड किंवा दुसरी गाडी आली तर मात्र सगळाच हिशोब बदलतो. म्हणून लंब आणि समांतर असे दोन भाग वेगळे ठेवू. आधी लंब.

दीड मीटरवरून पडलेल्या वस्तूचा वेग: २ × ९.८१ × १.५ चं वर्गमूळ, म्हणजे ५.४२ मीटर प्रति सेकंद. डोक्याचं वस्तुमान ४.७ किलो घेऊ. हेल्मेटच्या युरोपीय चाचणीत ५७ सेंटिमीटर घेराच्या धातूच्या डोक्याचं वस्तुमान तेवढंच असतं. गतिज ऊर्जा आली ६९ जूल. हा आकडा वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, पुढे चूक पकडायला तोच कामाला येतो.

पायरी १: कागदावर एका ओळीत

डोकं एकसारख्या त्वरणाने थांबतंय असं धरलं, तर:

त्वरण (जी मध्ये) = पडण्याची उंची ÷ थांबण्याचं अंतर

बस, एवढंच. ‘जी’ म्हणजे गुरुत्व त्वरणाच्या (९.८१ मीटर प्रति सेकंद वर्ग) किती पट. वस्तुमान गळून जातं, गुरुत्वाकर्षण गळून जातं. दीड मीटर पडलात आणि २५ मिमीत थांबलात, तर १५०० ÷ २५ = ६० जी. पाच मिमीत थांबलात तर ३००. तीन मिमीत थांबलात तर ५००.

या ओळीवर मी वर्गात अख्खा तास घालवतो. हेल्मेटविषयीच्या बहुतेक भ्रामक समजुती इथेच गळून पडतात. “कवच जितकं कडक तितकं हेल्मेट चांगलं” हे चूक आहे, कारण कवच कडक असून आत चिरडायला काही नसेल तर थांबायला अंतरच मिळत नाही. कवचाचं काम बल पसरवणं आणि टोकदार वस्तू आत न येऊ देणं. डोक्याला अंतर मिळवून देतो तो आतला थर्माकोल, आणि तो ते स्वतः चिरडून देतो.

पायरी २: उघडं डोकं म्हणजे एक स्प्रिंग

खरं त्वरण एकसारखं नसतं. आधी वाढतं, शिखर गाठतं, मग उतरतं. यासाठी सगळ्यात साधं मॉडेल म्हणजे वस्तुमान आणि स्प्रिंग. त्यात स्प्रिंगची ताठरता कुठून आणायची? इथे विद्यार्थी इंटरनेटवर सापडेल तो आकडा उचलतात. तसं करू नका. एखाद्या माहीत असलेल्या प्रयोगावरून ती स्वतः काढा.

असा प्रयोग हाताशी आहे. मोटारींच्या धडक-चाचणीत वापरल्या जाणाऱ्या ‘हायब्रिड थ्री’ पुतळ्याचं डोकं वापरण्याआधी तपासतात. ४.५४ किलोचं ते डोकं ३७६ मिमीवरून कडक पोलादी पाट्यावर सोडतात आणि शिखर त्वरण २२५ ते २७५ जीच्या मध्ये आलं तरच ते पास होतं. मधला आकडा २५० जी घेऊ.

३७६ मिमीवरून वेग येतो २.७२ मीटर प्रति सेकंद. शिखर त्वरण २४५२ मीटर प्रति सेकंद वर्ग. स्प्रिंगच्या गतीत शिखर त्वरण = वेग × कोनीय वारंवारता, म्हणून वारंवारता आली सुमारे ९०३ रेडियन प्रति सेकंद. तिचा वर्ग गुणिले वस्तुमान म्हणजे ताठरता: सुमारे ३७०० न्यूटन प्रति मिमी. डोकं दबलं फक्त ३ मिमी. ते तीन मिमीही बहुतांश पुतळ्याच्या विनाइलच्या कातडीचेच.

आता हीच स्प्रिंग आणि ४.७ किलोचं डोकं दीड मीटरवरून सोडा. वारंवारता ८८७, शिखर त्वरण सुमारे ४९० जी, दबणं ६.१ मिमी. बल किती? ४.७ × ४९० × ९.८१, म्हणजे साडेबावीस हजार न्यूटनच्या वर.

इथे थांबायला हवं. माणसाची कवटी काही हजार न्यूटनलाच तडकते. म्हणजे मॉडेल सांगतंय ते बल येण्याआधीच मॉडेल लागू पडणं बंद झालेलं असतं, कारण हाड तुटलं की स्प्रिंग राहत नाही. त्यामुळे “४९० जी” हे उत्तर म्हणून लिहू नका. “हे मॉडेल इथे मर्यादेबाहेर गेलं, कवटी फुटण्याची शक्यता मोठी आहे” असं लिहा. परीक्षक खूश होतील की नाही हे मला सांगता येणार नाही, पण बरोबर तेच आहे.

पायरी ३: थर्माकोल

चांगल्या थर्माकोलचा गुण असा की ठरावीक दाबाला तो चिरडायला लागतो आणि पुढे बराच काळ जवळपास त्याच दाबाने चिरडत राहतो. हेल्मेटमधल्या दाट थर्माकोलसाठी आपण ०.७ मेगापास्कल धरू, म्हणजे प्रत्येक चौरस मिलिमीटरला ०.७ न्यूटन.

मग बल वाढतं कसं? संपर्काचं क्षेत्र वाढतं म्हणून. टरबूज फरशीवर दाबलं की सपाट होणारा गोल मोठा होत जातो, तसं. गोल पृष्ठभाग सपाटावर थोडासा दबला, तर संपर्काचं क्षेत्र साधारण २ × पाय × त्रिज्या × दबणं. हेल्मेटची बाहेरची त्रिज्या १२० मिमी घेतली तर बल = ०.७ × २ × ३.१४ × १२० × दबणं, म्हणजे ५२८ न्यूटन प्रति मिमी. थर्माकोल गुंतागुंतीचा असला तरी हिशोब पुन्हा साध्या स्प्रिंगवरच आला. ही स्प्रिंग उघड्या डोक्याच्या स्प्रिंगपेक्षा सात पट मऊ आहे.

दीड मीटरवरून: वारंवारता ३३५, शिखर त्वरण १८५ जी, दबणं १६.२ मिमी, दबायला लागलेला वेळ ४.७ मिलिसेकंद. पापणी लवायला याच्या कितीतरी पट जास्त वेळ लागतो.

पण थर्माकोल कायम चिरडत राहत नाही. मूळ जाडीच्या साधारण ७० टक्के दबला की आतली हवा संपते आणि तो दगडासारखा होतो. मॉडेलमध्ये एक अट घाला: दबणं जाडीच्या ७० टक्क्यांच्या पुढे गेलं की ताठरता दहा पट. आता जाडी बदलून बघा. ३० मिमी थर्माकोल असेल तर मर्यादा २१ मिमी, आपण १६.२ वर थांबतो, काही बिघडत नाही. तोच थर्माकोल २० मिमीचा केला तर मर्यादा १४ मिमी. तिथे पोचेपर्यंत ६९ पैकी ५२ जूल संपतात, उरलेले १७ जूल दगडावर आपटतात आणि शिखर थेट ३३५ जीवर जातं. दहा मिलिमीटर जाडी कमी केली तर त्वरण जवळजवळ दुप्पट होतं. रस्त्याच्या कडेला टोपीसारखं पातळ हेल्मेट दीडशे-दोनशेला मिळतं ना, त्यात बोट घालून जाडी चाचपून बघा. बहुतेकांत थर्माकोलचा नुसता पापुद्रा असतो.

युरोपीय चाचणीत डोकं ७.५ मीटर प्रति सेकंद वेगाने आपटवतात आणि त्वरण २७५ जीच्या आत लागतं. आपलं मॉडेल तिथे २५६ जी आणि २२.४ मिमी दाखवतं. म्हणजे ३० मिमी पुरत नाही, ३५ लागते. मॉडेल रास्त आहे की नाही हे तपासायचा हा चांगला मार्ग आहे: ज्या परिस्थितीचं उत्तर जगाला ठाऊक आहे ती त्याला द्या आणि आकडा त्याच गावात येतो का ते बघा.

पायरी ४: स्प्रेडशीटमध्ये वेळ पुढे सरकवणं

सूत्रांनी शिखर मिळतं, पण अटी घातल्या की सूत्रं पुरत नाहीत. मग वेळेचे बारीक तुकडे करायचे. पाच स्तंभ घ्या: वेळ, दबणं, वेग, बल, त्वरण. पाऊल ०.०१ मिलिसेकंद. पहिल्या ओळीत दबणं शून्य, वेग ५.४२. पुढच्या प्रत्येक ओळीत हा क्रम ठेवा:

१. मागच्या दबण्यावरून बल काढा (अटीसकट).
२. बल ÷ वस्तुमान = त्वरण.
३. नवा वेग = जुना वेग − त्वरण × पाऊल.
४. नवं दबणं = जुनं दबणं + *नवा* वेग × पाऊल.

चौथ्या ओळीतला ‘नवा’ शब्द महत्त्वाचा आहे. तिथे जुना वेग घातला आणि वर पाऊल ०.१ मिलिसेकंदाचं घेतलं, तर शिखरापर्यंत पोचताना ऊर्जा पाच टक्क्यांनी आपोआप वाढते. कुठूनही न येता! म्हणून वहीच्या कोपऱ्यातले ६९ जूल. शिखराच्या ओळीत अर्धा × ताठरता × दबण्याचा वर्ग काढा, ६९ च्या आसपास आलं पाहिजे. नाही आलं तर पुढे जाऊ नका.

सुमारे ४७० ओळींत डोकं थांबतं. त्यानंतर काय? शुद्ध स्प्रिंग डोक्याला त्याच वेगाने परत उडवते. चिरडलेला थर्माकोल तसं करत नाही, तो थोडासाच परत फुगतो. म्हणून दोन टोकं तपासा: एकात वेग उलटला की बल शून्य करा, दुसऱ्यात स्प्रिंग तशीच चालू ठेवा. खरं हेल्मेट या दोन्हींच्या मध्ये, बहुधा पहिल्याच्या जवळ.

माझ्या टेबलावरच्या हेल्मेटचा हिशोब इथे लागतो. नऊ मिमी हा *उरलेला* खड्डा आहे. आपटतानाचं दबणं त्याहून जास्तच होतं, कारण थर्माकोल नंतर थोडा परत येतो. मॉडेलचे १६ मिमी आणि हे ९ यांत विरोध नाही. मात्र “खड्डा ९ मिमी म्हणून त्वरण इतकं” असा उलटा हिशोब थेट करता येत नाही. तसं करायचं असेल तर त्याच हेल्मेटच्या न दबलेल्या भागातून चौकोनी तुकडे कापून, दाबयंत्रात ठरावीक दाबून, दुसऱ्या दिवशी किती परत आले ते मोजावं लागेल. या सत्रात आम्ही तेच करतोय.

पायरी ५: त्वरणाच्या आलेखातून एक आकडा

शिखर त्वरण पुरेसं नाही, कारण ते किती वेळ टिकलं यालाही महत्त्व आहे. हे पहिल्यांदा नीट दाखवलं डेट्रॉईटच्या वेन स्टेट विद्यापीठातल्या लोकांनी. लिसनर आणि सहकाऱ्यांनी १९६० मध्ये मृतदेहांच्या डोक्यांवर केलेल्या प्रयोगांतून एक वक्र मांडला: थोडा वेळ असेल तर जास्त त्वरण सोसवतं, जास्त वेळ असेल तर कमी. १९६६ मध्ये गॅड यांनी त्या वक्राला २.५ हा घात बसवला, आणि १९७१ मध्ये व्हर्साचे यांनी त्यात सुधारणा सुचवली. त्यातून आला तो ‘हेड इन्ज्युरी क्रायटेरियन’, म्हणजे एचआयसी.

एचआयसी काढायची रीत अशी. त्वरणाच्या आलेखावर कुठलीही एक खिडकी घ्या, सुरुवातीच्या वेळेपासून शेवटच्या वेळेपर्यंत. त्या खिडकीतलं सरासरी त्वरण जी मध्ये काढा, त्याचा २.५ घात करा, खिडकीच्या लांबीने (सेकंदांत) गुणा. सगळ्या शक्य खिडक्यांतला सगळ्यात मोठा आकडा म्हणजे एचआयसी. खिडकी १५ मिलिसेकंदांपेक्षा मोठी घ्यायची नाही असा एक नियम, ३६ चा दुसरा. आपला आघात इतका छोटा आहे की दोन्हींत उत्तर एकच येतं.

स्प्रेडशीटमध्ये करायचं तर दर दहावी ओळ घ्या, त्वरणाची चालती बेरीज करा आणि दुसऱ्या पानावर जाळी मांडा: उभ्या बाजूला खिडकीची सुरुवात, आडव्या बाजूला शेवट. प्रत्येक घरात दोन बेरजांची वजाबाकी, मग वरचं सूत्र. शेवटी सगळ्या घरांचं कमाल. प्रोग्रॅमिंग येत असेल तर एकात एक दोन फेऱ्या, दहा ओळींत काम होतं.

आपलं काम बरोबर आहे का हे तपासायला एक परीक्षा देतो. १०० जी शिखराचा, १० मिलिसेकंदांचा अर्ध-साइन आकाराचा आलेख तयार करा. उत्तर ४१५ च्या आसपास आणि खिडकी ६.७ मिलिसेकंदांची यायला हवी. उत्तर हजार पट चुकलं तर वेळ मिलिसेकंदांत राहिलीय. तीनशे पट मोठं आलं तर त्वरण जी मध्ये बदलायचं राहून गेलंय, कारण ९.८१ चा २.५ घात ३०१ होतो. माझ्याकडे येणाऱ्या दहा वह्यांपैकी निम्म्यांत या दोनपैकी एक चूक असते.

आपल्या प्रकरणात हेल्मेटसह एचआयसी सुमारे ९०० येतो (परत न उसळता), आणि पूर्ण उसळी धरली तर १८००. उघड्या डोक्याला, उसळी न धरता, ३९००, आणि तोही हाड तुटणार नाही असं गृहीत धरून.

हा आकडा वाचायचा कसा

१००० च्या खाली सुरक्षित, वर धोका, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. हे असं सरळ नाही. प्रसाद आणि मर्ट्झ यांच्या १९८५ च्या विश्लेषणात एचआयसी १००० ला प्रौढांत जिवावर बेतणाऱ्या मेंदूइजेची शक्यता सुमारे १६ टक्के होती. म्हणजे शंभरात सोळा. ९०० आला म्हणून निश्चिंत होणं नाही आणि ११०० आला म्हणून सगळं संपलं असंही नाही.

दुसरा घोळ मर्यादांचा. अमेरिकेत मोटारीच्या समोरच्या धडकेत मध्यम बांध्याच्या पुरुष-पुतळ्यासाठी १५ मिलिसेकंदांच्या एचआयसीची मर्यादा ७०० आहे. युरोपीय हेल्मेट चाचणीत ती २४०० आहे. विद्यार्थी विचारतात, हेल्मेटवाल्यांचं डोकं काय वेगळं असतं का? डोकं तेच. पण हेल्मेटची चाचणी कडक धातूच्या, मान नसलेल्या डोक्यावर होते आणि आघातही जास्त तीव्र असतो. दोन वेगळ्या चाचण्यांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून निष्कर्ष काढू नका. आपल्या मॉडेलचा आकडाही फक्त आपल्याच मॉडेलच्या दुसऱ्या आकड्याशी ताडून बघा: ३० मिमी विरुद्ध २० मिमी, हेल्मेट विरुद्ध उघडं डोकं.

आणि फोनमधल्या त्वरणमापकाने खरा आघात मोजायचा प्रयत्न करू नका. दरवर्षी कोणीतरी फोन हेल्मेटला चिकटवून आणतं. तो सेकंदाला शंभर नोंदी घेत असेल तर दोन नोंदींत दहा मिलिसेकंद जातात आणि आपला अख्खा आघात पाचात उरकतो. शिवाय बहुतेक फोन ८ किंवा १६ जीच्या पुढे मोजतच नाहीत. प्रयोगशाळेत सेकंदाला दहा हजार किंवा जास्त नोंदी घेतात, त्याला कारण आहे.

पायरी ६: खरवस

आतापर्यंत डोकं सरळ रेषेत थांबलं. मेंदूला सगळ्यात जास्त त्रास होतो तो डोकं *फिरल्याने*. हे १९४३ मध्ये ऑक्सफर्डच्या हॉलबोर्न या भौतिकशास्त्रज्ञाने जिलेटिनच्या मेंदूवर प्रयोग करून सांगितलं. कारण मेंदूच्या पदार्थातच आहे. चारी बाजूंनी दाबला तर तो पाण्याइतकाच न दबणारा आहे, पण सरकवायला, पिळायला अतिशय मऊ. दोन्ही ताठरतांमध्ये लाखो पटींचा फरक आहे.

घरी करून बघा. स्टीलच्या गोल डब्यात खरवस लावा, नाहीतर चायना ग्रास. घट्ट झाल्यावर वरून काळ्या तिळांची एक सरळ रेघ मांडा, केंद्रापासून कडेपर्यंत. डबा टेबलावर सरळ सरकवून थांबवा: रेघ जवळपास तशीच. आता डबा जागच्या जागी झटकन फिरवून थांबवा आणि फोनवर मंदगती व्हिडिओ घ्या. रेघ कडेला डब्याबरोबर जाते, मध्ये मागे राहते, वाकते, मग उलट बाजूला झुलते. तीळ एकमेकांपासून ताणले जाताना दिसतात. मेंदूत त्या जागी चेतातंतूंचे लांब धागे असतात. साधारण १८ ते २१ टक्के ताणले गेले की त्यांना इजा होऊ लागते, असं प्राण्यांच्या चेतातंतूंवरच्या प्रयोगांत दिसलंय.

आता हिशोब. रस्ता हेल्मेटला घासतो. घर्षणाचा गुणांक ०.४ धरू. लंब दिशेचा आवेग ४.७ × ५.४२ = २५.५ न्यूटन-सेकंद. डोक्याचा मोमेंट ऑफ इनर्शिया (फिरवायला होणारा विरोध) ०.०२२ आणि हेल्मेटचा सुमारे ०.०११, मिळून ०.०३३ किलो-मीटर वर्ग. मिळणारा कोनीय वेग = ०.४ × २५.५ × ०.१२ ÷ ०.०३३, म्हणजे ३७ रेडियन प्रति सेकंद. सेकंदाला जवळजवळ सहा फेऱ्या, आणि तेही पाच मिलिसेकंदांत.

या सूत्रात गाडीचा वेग कुठेच नाही, हे लक्षात आलं का? हेल्मेट रस्त्यावर घसरतंय तोवर घर्षण तेवढंच राहतं. ४० किमीला आघाताच्या शेवटीही घसरण चालूच असते, म्हणून ४० आणि ६० ला उत्तर एकच. २० किमीला मात्र घसरण मध्येच थांबते आणि कोनीय वेग कमी राहतो. घर्षण निम्मं केलं तर फिरणं निम्मं. हेल्मेटच्या आत सरकणारा थर घालायची कल्पना याच दिशेची आहे. ती स्टॉकहोममधले मेंदूशल्यविशारद हान्स फॉन होल्स्ट आणि संशोधक पीटर हालडिन यांनी पुढे आणली. आणि युरोपीय नियमांच्या २२.०६ या आवृत्तीत ४५ अंशांच्या तिरक्या पृष्ठभागावर ८ मीटर प्रति सेकंदाची चाचणी आली तीही फिरणं मोजण्यासाठीच.

मेंदूसाठी दुसरी स्प्रिंग लावा, पिळाची: कवटी बाहेर, मेंदू आत, मध्ये स्प्रिंग आणि थोडं शमन, म्हणजे झोका हळूहळू विझवणारा विरोध. नैसर्गिक वारंवारता २० हर्ट्झ आणि शमनाचं गुणोत्तर ०.३ घ्या. पायरी ४ मधली तीच चार वाक्यं, फक्त अंतराच्या जागी कोन. ३७ रेडियनच्या झटक्याला मेंदू कवटीमागे सुमारे ११ अंश रेंगाळतो. हा कोन म्हणजे चेतातंतूंचा ताण नाही. तुलनेसाठी मात्र उपयोगी आहे. आणि यातून एक सुंदर गोष्ट कळते: मेंदूच्या स्प्रिंगला एक झोका घ्यायला ५० मिलिसेकंद लागतात आणि आघात पाचात संपतो, म्हणून इतक्या छोट्या आघातात कोनीय त्वरणाचं शिखर कितीही असो, मेंदूला कळतो तो एकूण कोनीय *वेग*.

२०१३ मध्ये टाखुंट्स आणि सहकाऱ्यांनी मांडलेला ‘ब्रिक’ हा निर्देशांक कोनीय वेगावरच उभा आहे. तिन्ही अक्षांचे कमाल वेग अनुक्रमे ६६.२५, ५६.४५ आणि ४२.८७ ने भागायचे, वर्ग करून बेरीज, वर्गमूळ. आपले ३७ रेडियन डोकं खांद्याकडे कलतं त्या दिशेने असतील तर ०.५६, होकारार्थी डोलतं त्या दिशेने ०.६६, आणि नकारार्थी मान हलते त्या दिशेने ०.८६. झटका तेवढाच, पण दिशा बदलली की धोका बदलतो.

यापुढे कुठे जायचं

मेंदूच्या कुठल्या भागात किती ताण आला हे विचारायचं असेल तर फायनाइट एलिमेंट मॉडेल लागतं, म्हणजे मेंदूचे असंख्य छोटे तुकडे करून प्रत्येकाचा हिशोब करणारं. टोयोटाचं ‘थम्स’ हे मानवी शरीराचं मॉडेल २०२१ पासून विनामूल्य आहे. पण नवीन मॉडेल हाती आलं की आधी त्याची कसोटी विचारा: नाहम यांच्या १९७७ च्या कवटीतल्या दाबाच्या प्रयोगांशी आणि हार्डी यांच्या २००१ च्या क्ष-किरणांनी टिपलेल्या मेंदूच्या हालचालींशी ते जुळतं का? रंगीत चित्र सुंदर आलं म्हणजे उत्तर बरोबर आलं असं होत नाही.

दुसरी वाट खऱ्या पडण्याच्या घटनांची. मुंबईच्या आयआयटीत शिकलेले आणि पुढे दिल्लीच्या आयआयटीत वाहतूक-सुरक्षेचं मोठं काम उभं केलेले दिनेश मोहन यांनी अमेरिकेत असताना, १९७९ मध्ये, सहकाऱ्यांबरोबर नेमकं हेच केलं होतं: उंचावरून पडलेल्या मुलांच्या घटना तपासून त्यांच्या डोक्यावरच्या आघाताचं संगणकावर पुनर्निर्माण. किती उंचीवरून पडलं, कशावर पडलं, डोकं कुठे लागलं, इजा काय झाली. हे चार रकाने नीट भरलेले पन्नास अपघात कुठल्याही सुबक मॉडेलपेक्षा जास्त शिकवतात.

एक गोष्ट मी प्रत्येक बॅचला सांगतो आणि इथेही सांगतो. या मॉडेलला माणसाचं वय माहीत नाही. वयाबरोबर मेंदू थोडा आकसतो, कवटी आणि मेंदू यांना जोडणाऱ्या शिरा ताणलेल्या राहतात. त्यात रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर न्हाणीघरात घसरून बसलेल्या हलक्या फटक्यानेही आत रक्तस्राव होऊ शकतो, कधी कधी काही दिवसांनी कळणारा. स्प्रेडशीट तिथे छोटासा आकडा दाखवेल. उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झोपाळूपणा, बोलण्यात गोंधळ यांपैकी काहीही दिसलं तर आकडा बाजूला ठेवून ताबडतोब दवाखाना गाठा.

वही लिहिताना शेवटच्या पानावर गृहीतं वेगळी लिहा: चिरडण्याचा दाब, त्रिज्या, घर्षण, ७० टक्क्यांची मर्यादा, २० हर्ट्झ. प्रत्येक गृहीत २० टक्के वर आणि २० टक्के खाली करून उत्तर किती हललं तेही शेजारी नोंदवा. चिरडण्याचा दाब आणि जाडी उत्तर जोरात हलवतात. म्हणून पुढच्या आठवड्यात दाबयंत्रावर जे आठ तुकडे जाणार आहेत ते सगळे ओरखड्यापासून दूरच्या, डाव्या बाजूच्या थर्माकोलमधून कापलेत, आणि प्रत्येकाचं वजन ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत करून त्यावर पेनने लिहिलंय.